बागेतील सिमेंटच्या फरश्यांवरचे छापकाम : एका गृहसंस्थेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिम भागातील एका मध्यम आकाराच्या गृहसंस्थेच्या बागेतले आहे. रहिवाशांची ओळख उघड होऊ नये म्हणून संस्थेचे नाव, नेमके ठिकाण आणि काही गौण तपशील गाळले आहेत. घटनांचा क्रम, तांत्रिक बाबी आणि निर्णय मात्र जसे होते तसेच मांडले आहेत. स्थापत्य अभियंता म्हणून माझा या कामाशी संबंध आला तो पहिला रंग निघून गेल्यानंतर. त्यामुळे आधीचा भाग मी समितीची इतिवृत्ते, रहिवाशांनी मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आणि प्रत्यक्ष काम केलेल्यांशी झालेले बोलणे यांच्या आधारे लिहीत आहे.

बागेत हिरवळीच्या कडेने जाणारी चार फूट रुंदीची पायवाट आहे. ती मेंदीच्या कुंपणालगत सुरू होते, पत्र्याचे छत असलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्याखालून जाते आणि तुळशी वृंदावनापाशी संपते. तिच्यावर एक फूट बाय एक फूट मापाच्या, राखाडी रंगाच्या साध्या सिमेंट फरश्या क्रश सँडच्या (बारीक दगडी कचीच्या) थरावर, सांध्यांत सिमेंट न भरता बसवलेल्या आहेत. फरश्यांच्या चार रांगा शेजारी शेजारी असल्याने माणसांचे पाय साहजिकच मधल्या दोन रांगांवर पडतात आणि कडेच्या रांगांवर क्वचितच पडतात. पुढे सगळ्या निर्णयाला ज्या गोष्टीने वळण दिले ती हीच असल्याने ती येथेच नोंदवून ठेवतो.

या फरश्या रबर मोल्डच्या होत्या. पातळसर काँक्रीट साच्यात ओतून ते थरथरत्या टेबलावर बसवले जाते आणि साच्याच्या तळाशी असलेली बाजू पुढे फरशीचा दर्शनी भाग होते, म्हणून तो भाग काचेसारखा गुळगुळीत आणि चमकदार येतो. फरशी साच्यातून सहज सुटावी यासाठी साच्याला तेल लावतात आणि त्या तेलाचा पातळ अंश दर्शनी पृष्ठभागावर राहतो. यंत्रावर दाबून केलेल्या पेव्हर ब्लॉकचा पृष्ठभाग खरखरीत असतो, तसा हा नव्हता. दुकानात ही चमक गुण म्हणून दाखवली जाते. रंगकामाच्या दृष्टीने ती पहिली अडचण ठरते.

फरश्या फेब्रुवारीत बसल्या. राखाडी वाट रुक्ष दिसते, तेव्हा गुढीपाडव्याच्या आधी तिच्यावर रांगोळीसारखी नक्षी काढावी, अशी कल्पना महिला मंडळाने मांडली आणि ती सर्वांना आवडली. जाड पुठ्ठ्याचे छाप (स्टेन्सिल) कापले गेले, संस्थेच्या कठड्यांच्या कामातून उरलेले ऑइल पेंटचे डबे बाहेर निघाले, आणि मुले, आया व दोन आजोबा यांनी मिळून आठवडाभरात जवळजवळ संपूर्ण वाट रंगवली. प्रत्येक फरशीला आधी पांढऱ्या किंवा गेरव्या रंगाचा सलग हात आणि त्यावर छापाने कमळ, स्वस्तिक, शंख, लक्ष्मीची पावले किंवा कोयरी, अशी रचना होती. पाडव्याच्या दिवसाच्या छायाचित्रांत ही वाट खरोखर देखणी दिसते. पुढे जे बिघडले त्यामुळे त्या मेहनतीचे मोल कमी होत नाही. संस्थेतील तीन पिढ्या एकत्र जमिनीवर बसून काम करतात, ही गोष्ट कोणत्याही रंगापेक्षा मोठी होती आणि पुढचे सर्व प्रयत्न तेवढ्यासाठीच करण्याजोगे होते.

अडचण

पहिल्या वळवानंतर काही फरश्यांवर बारीक फोड दिसू लागले. जुलैपर्यंत कुंपणाच्या बाजूचा रंग पापुद्र्यांनी सुटला आणि त्याचे तुकडे हिरवळीत व वाफ्यांत पसरले. ज्या फरश्यांवरचा रंग टिकला होता त्या पावसात इतक्या निसरड्या झाल्या की एका ज्येष्ठ रहिवाशाचा पाय कट्ट्याच्या उतारावर घसरला. सुदैवाने इजा किरकोळ होती. परंतु त्यानंतर बऱ्याच वयस्क मंडळींनी बागेत फिरणे थांबवले.

तिसरी अडचण रंगाशी नव्हे, आकृतीशी संबंधित होती आणि ती समितीच्या लक्षात सर्वांत उशिरा आली. स्वस्तिक, कमळ आणि लक्ष्मीच्या पावलांवर पाय ठेवायला अनेकांचे मन धजत नव्हते. कोणी तक्रार केली नाही, वाद घातला नाही. लोक केवळ वाट सोडून शेजारच्या हिरवळीवरून चालू लागले. दोन महिन्यांत पायवाटेला समांतर अशी चिखलाची दुसरी वाट तयार झाली. समितीने हिरवळ मरण्याचे कारण आधी हुमणी किडीत आणि मग पाण्याच्या कमतरतेत शोधले. अखेर एका काकूंनी सभेत उभे राहून शांतपणे सांगितले, "लक्ष्मीची पावलं आपण उंबऱ्यातून आत काढतो, ती ओलांडतो, तुडवत नाही." त्यावर आणखी चर्चा करण्याची गरज उरली नाही.

कारणांचा शोध

सप्टेंबरमध्ये समितीने मला पाहणीसाठी बोलावले. रंग निकृष्ट होता, असा बहुतेकांचा समज होता. परंतु त्याच डब्यांतला, त्याच आठवड्यात, त्याच हातांनी लावलेला रंग कट्ट्याच्या पत्र्याखाली जवळजवळ जसाच्या तसा होता. ही विसंगती सर्वप्रथम संस्थेच्या माळीकाकांनी दाखवून दिली. त्यांचे म्हणणे असे होते की जिथे त्यांच्या पाइपचे पाणी जाते तिथेच पापुद्रे सुटले आहेत. कुंपणाच्या वाफ्यातली माती फरश्यांच्या पातळीपेक्षा वर आली होती, त्यामुळे रोज सकाळी झाडांना घातलेले पाणी वाटेवर उतरून सांध्यांतून खालच्या कचीत मुरत असे. पाऊस तर वरून पडत होताच. पण ओल मुख्यतः खालून वर येत होती.

हे तपासण्यासाठी आम्ही साधी चाचणी केली. सुमारे दीड फूट चौरस प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद फरश्यांवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, म्हणजे 16 तासांहून अधिक काळ, तसाच ठेवला. कुंपणाच्या बाजूला कागदाच्या आत पाण्याचे थेंब जमले आणि फरशी गडद झाली. कट्ट्याखाली कागद कोरडा राहिला. दुसरी चाचणी त्याहून सोपी होती. न रंगवलेल्या शिल्लक फरशीवर पाण्याचे थेंब टाकले असता ते मोत्यासारखे तसेच उभे राहिले, आत मुरले नाहीत. साच्याचे तेल अजून पृष्ठभागावर होते, याची ती खूण होती. ज्या पृष्ठभागात पाणी शिरत नाही त्यात रंगही शिरत नाही. तो फक्त वर पसरतो.

सुटलेल्या पापुद्र्यांची खालची बाजू मात्र मला सर्वांत महत्त्वाची वाटली. काही पापुद्र्यांच्या पाठीवर पांढरी पूड होती आणि काहींची पाठ चिकट, साबणासारखी बुळबुळीत होती. दोन्हींची कारणे वेगळी आहेत. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. काँक्रीटमधून वर येणारे पाणी हा चुना सोबत आणते, पृष्ठभागाशी पाणी उडून जाते आणि चुन्याचा हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन पांढरा खार उरतो. फरशी उघडी असेल तर हा खार वर दिसतो आणि झाडूने किंवा पावसाने निघून जातो. वर रंगाचा सलग पडदा असेल तर पाण्याची वाफ आणि क्षार त्या पडद्याखाली अडकतात आणि त्याला हळूहळू वर उचलतात. फोड आले ते यामुळे. साबणासारख्या पाठीचे कारण असे की ऑइल पेंटला धरून ठेवणारा बंध तेलजन्य अल्किड राळेचा (रेझिनचा) असतो. ताज्या काँक्रीटचा सामू (pH) 12 ते 13, म्हणजे तीव्र अल्कधर्मी, असतो आणि ओलाव्याच्या सान्निध्यात असा अल्क त्या राळेचे अक्षरशः साबणात रूपांतर करतो. फरश्या बसवून दोन महिनेही झाले नव्हते. सामू दाखवणारा कागद ओल्या फरशीवर ठेवला तेव्हा सप्टेंबरमध्येही तो गडद निळा झाला, म्हणजे अल्क अजून तीव्र होता.

या पाहणीत आणखी एक बाब पुढे आली. वापरलेल्या डब्यांपैकी एकावरची उत्पादनाची तारीख बरीच जुनी होती. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दर दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम केंद्र सरकारने 2016 मध्ये केला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. हा डबा त्याआधीचा होता. त्यात शिसे होतेच असे सिद्ध झालेले नाही. पण मुलांच्या हाताशी आणि वाफ्यांतल्या मातीत पडलेल्या तुकड्यांच्या बाबतीत संशय पुरेसा मानावा, असे मी समितीला सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्व रंग काढून वाट पुन्हा साधी ठेवण्याचा होता. खर्च आणि सुरक्षितता पाहता तो बिनचूक होता आणि समितीतील निम्म्या सदस्यांचा त्याकडे कल होता. महिला मंडळाला तो मान्य नव्हता, आणि माझ्या मते त्यांची बाजू योग्य होती. घडलेला प्रकार दुरुस्त करण्याजोगा असताना उपक्रमच बंद करणे म्हणजे लोकांना पुन्हा बागेपासून दूर लोटणे ठरले असते.

दुसरा पर्याय एका रंगारी ठेकेदाराने सुचवला : दोन भागांचा इपॉक्सी रंग लावून वर पॉलियुरेथेनचा संरक्षक थर द्यावा. गाड्यांच्या तळघरात, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे खालून ओल येत नसेल तर ही पद्धत उत्तम चालते. उघड्या बागेत तिच्या दोन मर्यादा आहेत. इपॉक्सी उन्हात पिवळा पडतो आणि त्याची भुकटी होऊ लागते. त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हे काही काळ रोखतो, पण झिजेपर्यंतच. त्याहून गंभीर मर्यादा अशी की हा थर जवळजवळ वाफबंद असतो. ज्या वाटेखाली ओल आहे तिथे ऑइल पेंटच्या जागी अधिक मजबूत पडदा लावल्याने मूळ कारण जात नाही, फक्त पडदा उशिरा आणि अधिक मोठ्या तुकड्यांनी सुटतो. शिवाय हे मिश्रण मुलांच्या हाती देता येत नाही, म्हणजे उपक्रमाचा हेतूच संपतो.

तिसरा पर्याय बाहेरच्या भिंतींसाठी मिळणाऱ्या पाण्याच्या ॲक्रिलिक इमल्शनचा होता. ते अल्काला ऑइल पेंटपेक्षा पुष्कळ चांगले तोंड देते आणि पातळ लावल्यास त्यातून वाफ बऱ्यापैकी बाहेर जाते. ते भिंतीसाठी बनवलेले असल्याने चालण्याने झिजणार, हे मात्र निश्चित होते.

चौथा पर्याय मला व्यक्तिशः सर्वांत आवडणारा होता : फरश्या नव्याने ओतून घेताना साच्याच्या तळाशी छाप ठेवून त्यात पांढरे सिमेंट आणि ऑक्साइडचे रंगीत मिश्रण भरावे आणि मागून नेहमीचे काँक्रीट ओतावे. जुन्या घरांतल्या लाल ऑक्साइडच्या जमिनी पिढ्यानपिढ्या टिकल्या त्या रंग सिमेंटच्या अंगातच असल्यामुळे. परंतु चांगल्या अवस्थेतल्या फरश्या टाकून देणे समितीला पटले नाही आणि खर्चही आवाक्याबाहेर होता. तयार फरशीवर असेच मिश्रण पातळ लावावे अशीही सूचना आली, पण गुळगुळीत जुन्या काँक्रीटवर सिमेंटचा पातळ थर धरत नाही. तो कवचासारखा सुटतो.

फरश्या उलट्या करून मागची खरखरीत बाजू रंगवावी, हा माळीकाकांचा पर्याय रंग धरण्याच्या दृष्टीने अगदी बरोबर होता, कारण त्या बाजूला साच्याचे तेल लागलेले नसते. मात्र ती बाजू हाताने सपाट केलेली असल्याने उंचसखल होती, तिच्यावर पाणी साचले असते आणि वयस्कांना ठेच लागली असती. वृंदावनाभोवतीच्या, चालण्यात न येणाऱ्या मोजक्या फरश्यांपुरता तो स्वीकारला गेला.

या चर्चेत एका टप्प्यावर प्रश्नाची मांडणीच बदलली, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा तोच आहे. तोवर प्रत्येक जण सर्वांत जास्त काळ टिकणारा रंग शोधत होता. मी समितीला विचारले की उघड्यावरचा आणि पायाखालचा कोणताही रंग कधी ना कधी जाणारच असेल, तर तो कोणत्या प्रकारे जावा असे आपल्याला वाटते? पापुद्र्याने सुटणारा रंग मागे अर्धवट चिकटलेली कड ठेवतो. ती पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर नवा हात देता येत नाही. झिजून जाणारा रंग विटलेल्या साडीप्रमाणे सगळीकडून सारखा फिका होत जातो. तोच छाप पुन्हा तिथेच ठेवून त्यावर थेट रंग देता येतो. पहिल्या प्रकारात दुरुस्ती हे मजुरांचे काम होते, दुसऱ्या प्रकारात ते पाडव्याच्या आधीच्या रविवारी मुलांनी करण्याजोगे काम राहते. या निकषावर ॲक्रिलिक इमल्शन, तेही सलग थर न देता केवळ छापापुरते, हा पर्याय स्पष्टपणे पुढे आला.

नमुना फरश्या आणि वेळेचा निर्णय

दिवाळीपर्यंत वाट तयार व्हावी, असा मोठा आग्रह होता. मी आधी नमुने पाहण्याचा आणि मग थंडीत काम करण्याचा सल्ला दिला. समितीच्या सचिवांनी सभेत विरोध पत्करून तो उचलून धरला, आणि त्यांचा हा निर्णय पुढील यशाला सर्वाधिक कारणीभूत ठरला असे मी मानतो. पावसाळा संपल्यावर काँक्रीटमधली ओल उतरायला वेळ लागतो. ऑक्टोबरमध्ये वरून कोरडी दिसणारी फरशी आतून ओली असते.

नमुन्यासाठी काही फरश्या तीन ठिकाणी निवडल्या : कुंपणालगत, वाटेच्या मध्यावर आणि कट्ट्याखाली. प्रत्येक ठिकाणी एक फरशी केवळ धुऊन, एक घासून व धुऊन, आणि एक घासून, धुऊन व वर पाणीरोधक सिलेन-सिलोक्सेन द्रव मुरवून रंगवली. हा द्रव पडदा न बनवता छिद्रांत शिरतो आणि वाफेला वाट मोकळी ठेवतो. त्याच्याबरोबर तुलना म्हणून एका फरशीवर चमकदार ॲक्रिलिक सीलरही लावला. माळीकाकांनी या सर्वांवर रोज बादलीभर पाणी ओतायचे आणि खराट्याने झाडायचे, असे ठरले. महिनाभराने रंगावर ब्लेडने फुली मारून त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली. केवळ धुतलेल्या फरश्यांवरून रंग पट्टीबरोबर उचलला गेला. घासलेल्यांवर तो राहिला. चमकदार सीलर कुंपणालगत दुधाळ पांढरा झाला, म्हणजे ओल त्याखाली अडकली होती. मुरणाऱ्या द्रवाचा फायदा एवढ्या काळात फारसा दिसला नाही, म्हणून तो खर्च वगळला. या निर्णयाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

प्रत्यक्ष काम

सर्वांत आधी रंगाला हातही न लावता पाण्याचा बंदोबस्त केला. कुंपणाच्या वाफ्यातली माती फरश्यांच्या पातळीपेक्षा दोन इंच खाली उतरवली, पाइपऐवजी ठिबकच्या नळ्या टाकल्या आणि जिथे फरश्या खचल्या होत्या तिथे त्या उचलून खाली कच भरून हलका उतार हिरवळीच्या दिशेने दिला. फरश्या सिमेंटने जोडलेल्या नसल्यामुळे हे सहज जमले. उचललेल्या फरश्यांच्या मागे खडूने क्रमांक घातले होते, ही छोटी काळजी फार उपयोगी पडली, कारण रबर मोल्डच्या फरश्या मापात दोन-तीन मिलिमीटरने कमीजास्त असतात आणि त्यांची जागा बदलली की सांधे जुळत नाहीत.

जुना रंग शिशाच्या संशयामुळे कोरडा घासला नाही. पृष्ठभाग ओला ठेवून, खाली प्लॅस्टिक अंथरून, मास्क लावलेल्या दोन कामगारांनी तो पत्रीने खरवडला. मुलांना त्या दिवशी बागेत येऊ दिले नाही. गोळा झालेला कचरा आणि रिकामे डबे घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे बांधून दिले आणि वाफ्यांतली वरची माती तुकड्यांसह काढून घेतली. पृष्ठभाग खरखरीत करण्यासाठी पातळ केलेल्या ॲसिडचा मार्ग अनेक जण सुचवतात. झाडांच्या मुळांजवळ तो वापरणे मला योग्य वाटले नाही. त्याऐवजी पॉलिशवाले वापरतात तो कार्बोरंडमचा दगड पाण्यासह फिरवून दर्शनी चमक मोडली, साबणाच्या पाण्याने तेल धुतले आणि थेंब आत मुरू लागेपर्यंत हे काम चालू ठेवले.

आकृत्यांबाबत महिला मंडळानेच सुंदर तोडगा काढला. शंख, स्वस्तिक, कमळ आणि पावले वृंदावनाच्या ओट्याच्या उभ्या बाजूंवर गेली, जिथे ती नजरेसमोर राहतात आणि पायाखाली येत नाहीत. वाटेसाठी ठिपक्यांच्या रांगोळीतल्या भौमितिक जाळ्या, वेली, प्राजक्ताची फुले आणि पिंपळाऐवजी आंब्याची पाने निवडली. पिंपळपान का नको, हा मुद्दा एका आजींनी काढला आणि तो कोणत्याही वादाशिवाय मान्य झाला. चालण्याच्या मधल्या दोन रांगांत प्रत्येक तिसऱ्या फरशीवरच लहान आकृती ठेवली आणि मुख्य नक्षी कडेच्या रांगांत नेली. उताराच्या जागी काहीच काढले नाही. कोणत्याही फरशीचा निम्म्याहून अधिक भाग रंगाने झाकायचा नाही, असा नियम केला. उघड्या काँक्रीटमुळे वाफेलाही वाट मिळते आणि पायालाही पकड मिळते.

पुठ्ठ्याचे छाप रंगाने भिजून मऊ पडतात, म्हणून या वेळी जुन्या एक्स-रे फिल्म वापरल्या. घरगुती ब्लीचमध्ये बुडवल्यावर त्यांवरचा गडद थर आणि रुग्णाचे नाव दोन्ही निघून जातात आणि स्वच्छ, लवचिक, न भिजणारा पत्रा उरतो. कापताना आकृतीचे तुकडे एकमेकांना धरून ठेवणारे जोड किमान पाच मिलिमीटर रुंद ठेवले. त्याहून अरुंद जोड पुसताना तुटतात. छाप फरशीच्या कडेवर न जुळवता मधोमध आखलेल्या खडूच्या फुलीवर जुळवला, कारण कडा मापात सारख्या नव्हत्या. चारही बाजूंना इंचभर जागा मोकळी सोडल्याने फरशीचा टवका उडाला तरी नक्षी शाबूत राहते.

रंग लावताना पाणी अजिबात मिसळले नाही. स्पंजचा बोळा रंगात टेकवून, वर्तमानपत्रावर दोन-तीनदा आपटून जवळजवळ कोरडा करायचा आणि मग छापावर सरळ वरून थोपटायचा, ओढायचा नाही. छापाखाली रंग पसरण्याचे कारण बहुतेक वेळा छाप हलणे हे नसते. बोळ्यावर जास्त रंग असणे हे असते. दोन पातळ हात दिले आणि दुसरा हात ओला असतानाच पायाला पकड मिळावी म्हणून त्यावर बारीक सिलिका वाळू चिमटीने भुरभुरली. चार-पाच फरश्यांनंतर छापाची मागची बाजू पुसण्याचे काम एका मुलीकडे होते आणि तिने ते इतक्या निष्ठेने केले की शेवटच्या फरशीची कडही पहिलीइतकीच स्पष्ट उमटली.

जानेवारीच्या पुण्यात सकाळी फरश्यांवर दव असते आणि रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरू शकते. एवढ्या थंडीत ॲक्रिलिकचा थर नीट जुळून येत नाही. म्हणून काम सकाळी दहानंतर सुरू करून दुपारी तीनच्या सुमारास थांबवले, जेणेकरून संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी रंग वाळेल. एप्रिल-मेमध्ये हेच वेळापत्रक अगदी उलटे करावे लागते, कारण तापलेल्या फरशीवर इमल्शन आत शिरण्याआधीच सुकते.

परिणाम

पहिल्या पावसाळ्यानंतर एकाही फरशीवर पापुद्रा सुटला नव्हता. कुंपणालगत काही ठिकाणी पांढरा खार आला, पण तो नक्षीच्या मधल्या उघड्या काँक्रीटवर होता आणि खराट्याने निघाला. हिरवळीवरची चिखलाची वाट बुजली, कारण लोक पुन्हा फरश्यांवरून चालू लागले होते. माझ्या मते यशाची खरी मोजणी हीच होती. शेवाळ मात्र आले. ते रंगावर कमी आणि उघड्या भागावर जास्त होते आणि त्यासाठी पावसाळ्यात दर पंधरवड्याला ताठ ब्रशने घासण्याचे काम माळीकाकांच्या वेळापत्रकात घालावे लागले.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर मधल्या रांगांतल्या आकृत्या पावलांच्या रेषेत निम्म्याने फिक्या झाल्या, कडेच्या जवळपास तशाच राहिल्या. पाडव्यापूर्वी तेच छाप पुन्हा ठेवून एकेक हात दिला गेला. खरवडावे काही लागले नाही. रंगांमधला फरक मात्र ठळक दिसला. गेरू, पिवळी माती, काळा आणि पांढरा या लोह-ऑक्साइडवर किंवा खनिजांवर आधारलेल्या छटा दोन उन्हाळ्यांनंतरही ओळखीच्या होत्या. प्राजक्ताच्या देठांसाठी मिसळलेला केशरी आणि वेलींतला गुलाबी-जांभळा मात्र उन्हाने स्पष्ट विटले होते.

पुन्हा करायचे झाले तर

रंगछटांची निवड बाजारातल्या तक्त्यावरून न करता रंगद्रव्याच्या प्रकारावरून करावी आणि उघड्या बागेत ऑक्साइडच्या छटांपलीकडे जाऊ नये, असे मी आता सुचवेन. प्राजक्ताचा देठ गेरूमध्ये थोडी पिवळी माती मिसळूनही पुरेसा केशरी करता येतो, आणि नंतरच्या हातात तसेच केले गेले.

नमुन्यांची चाचणी बादलीच्या पाण्यावर घेतल्याने पापुद्र्यांबाबतचा अंदाज बरोबर आला, पण शेवाळाबाबतचा आला नाही. त्यासाठी सलग ओलसर हवेचे दोन-तीन महिने लागतात. मुरणारा पाणीरोधक द्रव वगळण्याचा निर्णय याच अपुऱ्या चाचणीवर घेतला गेला होता. कुंपणालगतच्या काही फरश्यांवर तो आता लावून ठेवला आहे, आणि शेजारच्या न लावलेल्या फरश्यांशी त्यांची तुलना येत्या पावसाळ्याअखेरीस केली जाईल. त्यात फरक दिसला तरच पुढचा खर्च करावा, असे समितीने ठरवले आहे.

ज्या संस्थांच्या फरश्या अजून बसायच्या आहेत त्यांनी हा विचार खरेदीच्या वेळीच करावा. पुढे नक्षी काढायची असेल तर चमकदार रबर मोल्डऐवजी खरखरीत पृष्ठभागाच्या फरश्या मागवाव्यात, त्यांच्यावर किमान एक पावसाळा जाऊ द्यावा आणि दहा-बारा फरश्या जास्तीच्या घेऊन कट्ट्याखाली उभ्या ठेवाव्यात. या संस्थेत एक फरशी पाण्याची टाकी नेणाऱ्या हातगाडीखाली फुटली तेव्हा तशाच मापाची दुसरी मिळेना, कारण कारखान्याचा साचा बदलला होता. शेवटी वृंदावनामागची, कुणाच्या नजरेस न येणारी एक फरशी काढून तिथे बसवावी लागली आणि मोकळ्या जागेत माळीकाकांनी गवती चहा लावला.